स्पीडलोडर अर्ध्यावर अडतो तेव्हा दोष शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार इंची नळीचं, सहा गोळ्यांचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, सरावाला त्यातच चालणारी .३८ स्पेशल काडतुसं, आणि सहाही काडतुसं एकत्र धरून एकदम भरणारा, मागची गाठ फिरवली की ती सोडणारा स्पीडलोडर. मित्राच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तोच लोडर अलगद बसतो. तुमच्यात पाच काडतुसं जातात आणि एक अडतं, किंवा सगळी जातात पण लोडर बाहेर निघत नाही. मग दाबून सुटणारा महागडा लोडर घ्यावा, की रिव्हॉल्व्हरच बदलावं?

दोन्ही नको, निदान इतक्यात नको. नेमबाजी शिकवताना आणि लोकांची रिव्हॉल्व्हरं दुरुस्त करताना ही तक्रार माझ्यापुढे सतत येते, आणि जवळजवळ प्रत्येक जण लोडरला दोष देत येतो. सहा काडतुसं एकदम सिलिंडरच्या सहा चेंबर्समध्ये, म्हणजे काडतुसांच्या घरांत, जायची, तर काडतुसाचं टोक, चेंबरचं तोंड, मूठ, सिलिंडर उघडायची लॅच, लोडर आणि रिव्हॉल्व्हर धरलेला हात या सगळ्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. यातलं एकही बिनसलं तरी बाकीचे पाच निरुपयोगी ठरतात. मित्राकडे तोच लोडर चालतो यावरून एवढंच कळतं की लोडर मोडलेला नाही.

तुमचं मॉडेल कोणतं, मूठ कारखान्यातलीच आहे की नंतर बसवलेली, काडतुसाच्या टोकाला बसवलेल्या बुलेटचा आकार कसा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘अमुक बदला’ असं मी इथून सांगू शकत नाही. दोष शोधायची रीत मात्र सांगतो. ती कुठल्याही रिव्हॉल्व्हरला लागू पडते आणि तिला मार्कर पेनापलीकडे काही लागत नाही.

आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सहाही चेंबर्स डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचं सगळं डमी राउंडवर, म्हणजे बार न होणाऱ्या नकली काडतुसांवर करायचं, आणि डमीच्या टोकाचा आकार तुमच्या नेहमीच्या काडतुसासारखाच हवा, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. आता मार्करनं सिलिंडरवर एका चेंबरपाशी ठिपका द्या, लोडरवर एक ठिपका द्या आणि डमींच्या अंगावर एक ते सहा आकडे घाला. लोडर सावकाश बसवा. वेग अजिबात नको. अडला की तिथेच थांबा आणि कोणतं काडतूस, कोणत्या चेंबरमध्ये, फ्रेमच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या, कोणत्या बाजूला अडलं ते लिहून ठेवा. मग सिलिंडर एक घर फिरवून पुन्हा बसवा. नंतर लोडर एक घर फिरवून. नंतर डमींच्या जागा बदलून.

अडथळा कशाबरोबर फिरतो, एवढंच यात पाहायचं आहे. सिलिंडर कितीही फिरवला तरी अडतं ते नेहमी मुठीकडच्याच बाजूला, तर दोष मुठीचा, लॅचचा किंवा फ्रेमचा. अडथळा ठिपक्याच्या चेंबरबरोबर फिरला तर दोष त्या चेंबरचा. आकड्याबरोबर फिरला तर काडतुसाचा, लोडरच्या ठिपक्याबरोबर फिरला तर लोडरचा. कशाबरोबरच फिरत नसेल, कधी इथे तर कधी तिथे अडत असेल, तर बहुतेक वेळा कारण हातात असतं. ही चाचणी केल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून, विशेषतः ‘सगळी जातात पण लोडर निघत नाही’ यावरून, माझा पहिला संशय मुठीवर आहे. सिलिंडर डावीकडे उघडला तरी तो फ्रेमपासून फार दूर जात नाही. लोडरचा घेर सिलिंडरइतकाच किंवा त्याहून जरा मोठा असतो, त्यामुळे त्याची आतली कड मुठीच्या डाव्या फळीच्या वरच्या टोकाला टेकते. टेकली की लोडर तिरका होतो, आणि तिरक्या लोडरमधली मुठीकडची एकदोन काडतुसं चेंबरच्या कडेवर चढतात. बाहेरच्या बाजूची मात्र व्यवस्थित आत जातात. पाहणाऱ्याला वाटतं काडतूसच अडलं. जाड लाकडी टार्गेट मुठी आणि बोटांच्या खाचा असलेल्या रबरी मुठी यांत हे फार आढळतं. म्हणून चांगल्या मुठींच्या डाव्या फळीला वरच्या बाजूला खोलगट काप दिलेला असतो. जुन्या टार्गेट मुठींना तो नसायचा. मूठ काढून, फ्रेम उघडी ठेवून, तीच डमींची चाचणी पुन्हा करा. लोडर सहज बसला आणि सहज निघाला, तर उत्तर मिळालं. लाकडी मूठ असेल तर डावी फळी गोल कानशीनं आणि पॉलिश पेपरनं थोडी थोडी उतरवता येते. दर खेपेला लोडर लावून पाहत जा, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही. रबरी मूठ घासली की खडबडीत होते आणि लोडरला आणखी धरून ठेवते, म्हणून तिथे बारीक घेराची दुसरी मूठ घेणंच बरं.

लॅचचंही तेच. सिलिंडर उघडण्यासाठी स्मिथ अँड वेसनची लॅच पुढे ढकलावी लागते, कोल्टची मागे ओढावी लागते, रुगरची आत दाबावी लागते. यांपैकी जी लॅच फ्रेमबाहेर जास्त डोकावते ती लोडरच्या कडेला लागू शकते. कुणी नंतर मोठी, अंगठ्याला सोयीची लॅच बसवली असेल तर हे हमखास तपासा.

आता काडतुसाचं टोक आणि चेंबरचं तोंड. वेगानं भरण्याचा खरा हिशोब इथे आहे. .३८ आणि .३५७ च्या पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचा, व्यास साधारण ९.६ मिलिमीटर, आणि चेंबर त्याहून केवळ केसभर मोठं. म्हणजे पुंगळीच्या तोंडाला चुकायला जागाच नाही. चूक सामावून घेतं ते बुलेटचं टोक. गोल नाकाची बुलेट असेल तर टोक पुंगळीपेक्षा बरंच बारीक असतं. ते चेंबरच्या मध्यापासून जरा बाजूला पडलं तरी आत शिरतं, आणि मग गोलाईवरून घसरत पुंगळीला आपोआप मध्यभागी आणतं. सेमी-वॅडकटर बुलेटचं नाक निमुळतं असतं, पण तिच्या खांद्याला धारदार पायरी असते आणि तीच पायरी चेंबरच्या कडेवर अडकते. पूर्ण वॅडकटर तर पुंगळीत जवळजवळ तोंडापर्यंत बुडवलेली असते. पुढे नाक असं नसतंच, म्हणजे सहा बोथट पुंगळ्या सहा भोकांवर तंतोतंत आणाव्या लागतात. कागदी लक्ष्यावर गोल, स्वच्छ भोक पडतं म्हणून वॅडकटर अचूक नेमबाजीत लोकप्रिय आहे, आणि ती योग्यच आहे, पण स्पीडलोडरबरोबर ती वापरणाऱ्यानं वेगाची आशा धरू नये. तुमचा मित्र गोल नाकाची बुलेट वापरतो आणि तुम्ही सेमी-वॅडकटर, एवढ्यानंही तुम्ही सांगता तो सगळा फरक पडू शकतो.

चेंबरच्या मागच्या तोंडाची कड काटकोनी आणि तीक्ष्ण असेल तर गोल नाकालाही त्रास होतो. ही कड किंचित उतरती करून घेतात, तिला चॅम्फर म्हणतात. गनस्मिथकडून होणारं हे छोटंसं काम माझ्या मते सगळ्यात जास्त मोबदला देतं, पण त्यात हात आखडता हवा. मध्यभागी रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा जो ताऱ्याच्या आकाराचा इजेक्टर असतो, त्याच्या पाकळ्या चेंबरच्या तोंडाचाच भाग असतात आणि पुंगळीची रिम, म्हणजे मागची रुंद कड, त्यांच्यावर टेकते. त्या पाकळ्या जास्त घासल्या तर बाहेर ढकलताना रिम त्यांच्यावरून निसटते आणि पुंगळी चेंबरमध्येच राहते. म्हणून चॅम्फरचा भार सिलिंडरकडच्या कडेवर ठेवायचा आणि पाकळ्यांना जेमतेम स्पर्श करायचा. घरी ड्रिल मशीन लावून हे काम कुणी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चेंबर आतूनही पाहा. तुम्ही .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ वापरता. .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मिलिमीटर लांब, .३५७ ची ३२.८. छोटी पुंगळी जिथे संपते तिथे, साडेतीन मिलिमीटर अलीकडे, चेंबरच्या भिंतीवर काजळीचं आणि शिशाचं कडं जमतं. .३८ भरताना ते जाणवत नाही. ज्या दिवशी .३५७ भराल त्या दिवशी पुंगळी शेवटच्या टप्प्यात त्या कड्यावर अडते, अंगठ्यानं एकेक दाबावी लागते आणि बार झाल्यावर चिकटूनही बसते. नळीला लावतो त्याहून जरा जाड पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चेंबर्समधून नीट फिरवा. स्वच्छ चेंबरमध्ये काडतूस आपल्या वजनानं ‘टक्’ करून बसायला हवं. हातानं पुन्हा भरलेली काडतुसं वापरत असाल तर प्रत्येक काडतूस आधी रिकाम्या चेंबरमध्ये किंवा गेजमध्ये टाकून पाहा. क्रिंप करताना, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळताना, फुगलेलं एकच काडतूस सहाही जणांना अडवून धरतं.

लोडरच्या दोन मुख्य जाती आहेत, आणि दोन्हींचे चाहते आपापल्या जागी बरोबर आहेत. एचकेएससारख्या गाठ फिरवायच्या लोडरमध्ये काडतुसं जरा सैल डुलतात. हा दोष नाही. सैल असल्यामुळे एकेक टोक आपापलं चेंबर शोधून घेतं आणि थोडी चूक खपते. मात्र गाठ फिरवताना उघडा सिलिंडरही तिच्याबरोबर फिरू पाहतो. तो दुसऱ्या हातानं पक्का धरला नाही तर गाठ फिरते, सिलिंडर फिरतो आणि काडतुसं सुटत नाहीत. सफारीलँडचे कॉम्प मालिकेतले लोडर दाबून सुटतात. त्यांचं मधलं बटण इजेक्टरच्या मध्यावर टेकतं, दाबलं की काडतुसं सुटतात, आणि कॉम्प-३ मध्ये तर स्प्रिंग त्यांना आत ढकलते. हालचाल एकाच दिशेची असल्यानं तणावाखाली ही जात जास्त जलद वाटते, पण काडतुसं घट्ट धरलेली असल्यानं सहाही टोकं एकदम बरोबर यावी लागतात. मूठ आड येत असेल तर दाबून सुटणारा लोडर तुमचं दुखणं वाढवेल, कारण तिरका बसल्यावर त्याचं बटण नीट टेकणारच नाही. मूठ तपासल्याशिवाय तो घेऊ नका असं म्हणतो ते यासाठी.

एक गोष्ट घाईत तपासायची राहते. लोडर फ्रेमच्या मापानुसारच घ्यावा लागतो, नुसत्या कॅलिबरवरून नव्हे. स्मिथ अँड वेसनच्या के-फ्रेमचा लोडर आणि एल-फ्रेमचा लोडर दोन्ही सहा गोळ्यांचे, दोन्ही .३५७ चे, पण चेंबर्समधलं अंतर वेगळं. चुकीचा लोडर कधी कधी रेटून बसतोही, आणि मग माणूस वर्षभर स्वतःला दोष देत राहतो. मित्राचं आणि तुमचं रिव्हॉल्व्हर एकाच फ्रेमचं आहे का, हे आजच पाहा. सात किंवा आठ गोळ्यांच्या सिलिंडरला तर वेगळाच लोडर लागतो.

आता हात. भरण्याच्या आधी रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडाव्या लागतात, आणि वेळ बहुतेक तिथेच वाया गेलेला असतो. नळी सरळ वर, आकाशाकडे, आणि तळव्यानं इजेक्टर रॉडवर, म्हणजे सिलिंडरच्या पुढे आलेल्या दांड्यावर, एकच जोरदार ठोसा. हळूहळू दोनतीनदा दाबलं, किंवा नळी आडवी ठेवून दाबलं, तर पुंगळी अर्धी बाहेर येऊन परत जाते, आणि वाईट नशीब असेल तर तिची रिम इजेक्टरच्या पाकळीखाली सरकते. तसं झालं की ती खेळी संपली म्हणायची. न जळलेले बारूदाचे कणही नळी आडवी असेल तर इजेक्टरखाली शिरतात, आणि मग सिलिंडर बंद होताना जड लागतो. दोन इंची छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये इजेक्टर रॉडला पूर्ण पुंगळी बाहेर काढण्याइतकी लांबी नसते, म्हणून तिथे ठोसा आणखी महत्त्वाचा. तुमची नळी चार इंची आहे, तुम्हाला ती अडचण नाही.

पुंगळ्या पडल्या की नळी जमिनीकडे. इथून पुढे गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूनं काम करतं. डाव्या हाताची मधली दोन बोटं फ्रेमच्या खिडकीतून घालून सिलिंडर अंगठा आणि त्या बोटांमध्ये धरा, म्हणजे तो फिरणार नाही. लोडर मागच्या गाठीला धरून आणू नका. सुई ओवताना दोरा जसा टोकाजवळ धरतो तसा लोडर अंगाशी धरा, बोटांची टोकं बुलेटच्या टोकांपर्यंत पुढे आलेली. बोटं सिलिंडरच्या कडेला लागली की नजर न लावताही मध्य सापडतो. सहाही टोकांकडे पाहू नका. बाहेरच्या बाजूची शेजारशेजारची दोन टोकं त्यांच्या चेंबर्समध्ये घाला, बाकीची चार मागोमाग येतात. मग गाठ फिरवा, लोडर सोडून द्या आणि खाली पडू द्या. तो उचलून खिशात ठेवायची सवय लागली की स्पर्धेतही हात आपोआप खिशाकडे जातो.

तुम्ही डावखुरे असाल तर यातलं बरंच उलटं बसवावं लागतं, कारण जवळजवळ सगळ्या रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर डावीकडेच उघडतो. चार्टर आर्म्सनं उजवीकडे उघडणारं साउथपॉ काढलं, पण ते अपवाद. अनेक डावखुरे रिव्हॉल्व्हर डाव्याच हातात ठेवून उजव्यानं भरतात आणि उत्तम भरतात.

याच विषयात मून क्लिपचं, म्हणजे काडतुसं रिमपाशी एकत्र धरणाऱ्या पातळ धातूच्या चकतीचं, नाव निघणारच, तेव्हा तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-१९१७ रिव्हॉल्व्हरांना .४५ एसीपीची बिनरिमची काडतुसं चालावीत म्हणून तीन तीन काडतुसं धरणारी अर्धी क्लिप निघाली, पूर्ण गोल क्लिप नंतर आली. तिच्यात लोडर काडतुसांबरोबर आतच राहतो, सोडण्याची पायरीच नाही, आणि रिकाम्या पुंगळ्याही एकगठ्ठा बाहेर पडतात. शिवाय .४५ एसीपीची पुंगळी जाडजूड आणि जेमतेम २२.८ मिलिमीटर लांब, बुलेट गोल नाकाची. अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेकनं १९९९ मध्ये सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि परत सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत केलं ते .४५ एसीपीच्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ६२५ आणि मून क्लिपवर. त्याचा हात असामान्य आहे, पण लांब .३५७ आणि गाठ फिरवायचा लोडर घेऊन त्यालाही तो आकडा गाठता आला असता असं मला वाटत नाही. आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरांत स्पर्धक .३८ शॉर्ट कोल्ट वापरतात त्याचंही कारण हेच: १९.४ मिलिमीटरची आखूड पुंगळी लवकर आत जाते आणि लवकर बाहेर येते.

तरीही तुमच्या सिलिंडरला मून क्लिपसाठी खाच पाडून घेण्याची घाई करू नका. क्लिप जराशी वाकली तरी सिलिंडर घासतो किंवा बार चुकतो, प्रत्येक क्लिप बसवून, सिलिंडर फिरवून तपासावी लागते, आणि रिकाम्या पुंगळ्या क्लिपमधून सोडवायला वेगळं हत्यार लागतं. स्पर्धेचा विचार असेल तर फक्त रिव्हॉल्व्हरसाठी असलेल्या आयकोर या संघटनेच्या सामन्यांत मून क्लिप न वापरणाऱ्यांचा ‘क्लासिक’ गट आहे, तिथे तुमचं आहे तेच रिव्हॉल्व्हर चालेल.

रिव्हॉल्व्हर बदलणं मला एकाच परिस्थितीत पटेल: मूठ उतरवून, चेंबर्स स्वच्छ करून, गोल नाकाची काडतुसं आणि योग्य मापाचा लोडर घेऊनही लोडर फ्रेमलाच घासत असेल, म्हणजे सिलिंडर पुरेसा बाहेर येतच नसेल. काही छोट्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांत असं असतं. तिथे लोडरऐवजी रबरी स्पीड स्ट्रिप, म्हणजे काडतुसं एका ओळीत धरणारी पट्टी, घ्यावी. तिच्यातून दोन दोन काडतुसं भरली जातात, वेग कमी पडतो, पण मूठ किंवा फ्रेम आड येत नाही. चार इंची नळीच्या मध्यम फ्रेममध्ये मात्र अशी वेळ माझ्या पाहण्यात क्वचितच आली आहे.